सिनेमाच्या कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

खोलीत अंधार, पडद्यावर दोन माणसं हळू आवाजात बोलतायत, आणि तेवढ्यात टीव्हीखालच्या कपाटातून पंख्याची घरघर सुरू होते. अर्ध्या मिनिटात थांबते. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. पहिले तीन आठवडे आम्ही सिनेमे असेच बघितले, कारण या कॉम्प्युटरमध्ये मी माझं जुनं दोन पंख्यांचं गेमिंग ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं. कार्ड ताकदवान होतं, म्हणून सिनेमासाठी उत्तमच असणार असं मी धरून चाललो होतो.

ते दोन्ही बाबतीत चुकीचं निघालं. एक म्हणजे आवाज. अशा कार्डांचे पंखे ठरावीक तापमानाखाली बंद राहतात. सिनेमा लावला की भार अगदी थोडा पडतो, त्यामुळे तापमान नेमकं त्या सीमेच्या आसपास घुटमळतं आणि पंखा चालू-बंद होत राहतो. सलग आवाज असेल तर कान त्याला सरावतात. मधूनच येणाऱ्या आवाजाला सरावत नाहीत. पंख्याचा वेग हाताने ठरवून बघितला, थोडा फरक पडला, पण शांत प्रसंगात तो ऐकू यायचाच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ग्राफिक्स चिपमध्ये गेमचं थ्रीडी चित्र काढणारा भाग वेगळा असतो आणि व्हिडिओ डीकोड करणारा, म्हणजे दाबून साठवलेली फाइल उलगडून चित्र करणारा, भाग वेगळा. सिनेमासाठी हा दुसरा भाग कामाचा, आणि तो चिपच्या ताकदीवर नाही तर तिच्या रचनेवर ठरतो. व्हिडिओ दाबून साठवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. माझ्या जुन्या कार्डाला त्यातली एचईव्हीसी जमायची, एव्ही१ जमायची नाही. एव्ही१ची फाइल लावली की सगळं काम प्रोसेसरवर जायचं आणि ४केमध्ये चित्र अडखळायचं. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये एव्ही१ डीकोड आलं ते २०२० च्या आरटीएक्स ३० मालिकेपासून. जीटीएक्स १६ मालिकेत ते नाही. एएमडीच्या आरएक्स ६६०० मध्ये आहे, पण त्यानंतर २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटीमध्ये नाही. म्हणून कार्ड नवं आहे एवढ्यावर जाऊ नका. नेमक्या मॉडेलचा डीकोडचा तक्ता उघडून एचईव्हीसी १०-बिट (रंगांच्या जास्त छटांचा प्रकार), व्हीपी९ (अशीच आणखी एक पद्धत) आणि एव्ही१ या तीन ओळी बघा.

शेवटी मी कार्ड काढूनच टाकलं. इंटेलच्या बाराव्या पिढीचा आय३ प्रोसेसर आधीच बसवलेला होता, त्यातल्या यूएचडी ७३० ग्राफिक्सला हे तिन्ही प्रकार हार्डवेअरमध्ये जमतात. (नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेतलात तर त्यात ग्राफिक्स नसतं, हे विसरू नका.) तेव्हापासून आठ महिने झाले, हीच जोडणी चालू आहे. ४के एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारा) सिनेमा चालू असताना प्रोसेसरवर किरकोळ भार दिसतो आणि कपाटातून काहीही ऐकू येत नाही.

पण कार्ड काढल्या-काढल्या सगळं सुरळीत झालं असं नाही. माझ्या पहिल्या मदरबोर्डवरचं एचडीएमआय १.४ निघालं. प्रोसेसर समर्थ आहे, पण बोर्डावरचं पोर्ट ४केला ३० हर्ट्झच्या (सेकंदाला ३० चित्रांच्या) पुढे जात नाही आणि टीव्ही एचडीआरमध्ये जातच नाही. एक संपूर्ण रविवार मी ड्रायव्हर आणि केबल बदलण्यात घालवला. अखेर बोर्डच बदलावा लागला. त्यामुळे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरणार असाल तर बोर्डाच्या माहितीत एचडीएमआयसमोर ‘४के ६० हर्ट्झ’ असं स्पष्ट लिहिलंय का, हे आधी वाचा. त्यानंतरही मधूनच चित्र जायचं, तेव्हा मात्र दोष खरोखरच केबलचा होता.

रॅमची एकच कांडी होती तेव्हा ६० फ्रेमचे ४के व्हिडिओ अधूनमधून फ्रेम गाळायचे. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. दुसरी कांडी लावून ड्युअल चॅनल केल्यावर ते थांबलं.

आता रिफ्रेश रेट, म्हणजे टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र ताजं करतो तो आकडा. चित्राच्या दर्जात मला सर्वांत मोठा फरक दिसला तो इथे, आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागलं नाही. बहुतेक सिनेमे सेकंदाला २३.९७६ फ्रेमचे असतात. टीव्ही ६० हर्ट्झवर असेल तर एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी दाखवावी लागते, आणि कॅमेरा संथपणे बाजूला सरकत असेल तेव्हा चित्र बारीक धक्के खातं. कोडी या सिनेमे लावण्याच्या प्रोग्राममध्ये रिफ्रेश रेट व्हिडिओशी जुळवण्याची सेटिंग आहे, ती चालू केली. तरी दर चाळीसेक सेकंदांनी एक बारीकसा हिसका राहिलाच. शोधल्यावर कळलं की आउटपुट २३.९७६ ऐवजी बरोब्बर २४ हर्ट्झवर जात होतं. हा फरक साठत साठत दर ४१.७ सेकंदांनी एका फ्रेमएवढा होतो. ते दुरुस्त केलं त्या रात्री बाबा, ज्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं, म्हणाले, “आज चित्र कसं छान वाहतंय!” मला फार बरं वाटलं.

याचा आणखी एक फायदा आहे. एचडीएमआय २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातात. ६० हर्ट्झला त्यात ४केचं पूर्ण रंगांचं १०-बिट चित्र मावत नाही, रंगांची माहिती कमी करून ४:२:२ करावं लागतं. २४च्या आसपास ते आरामात मावतं. तसंही सिनेमे ४:२:० मध्येच, म्हणजे रंगांची माहिती त्याहूनही कमी ठेवून, साठवलेले असतात, त्यामुळे ४:२:२ ला घाबरू नका. डेस्कटॉपवरची बारीक अक्षरं तेवढी थोडी रंगीत कडांची दिसतात.

काळा रंग राखाडी दिसत असेल तर आधी रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे, तपासा. टीव्हीची १६ ते २३५ असो की कॉम्प्युटरची ० ते २५५, दोन्हीकडे एकच हवी.

आवाजासाठी मी कॉम्प्युटर थेट रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरला) जोडलाय आणि तिथून टीव्हीला. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी हे सिनेमाच्या आवाजाचे प्रकार न उलगडता तसेच पुढे जातात. टीव्हीवर साधं एआरसी (टीव्हीतून आवाज एचडीएमआयनेच परत रिसीव्हरकडे पाठवण्याची सोय) असेल तर उलट वाटेने ट्रूएचडी येत नाही, त्यासाठी ईएआरसी लागतं.

प्रोसेसरमधलं ग्राफिक्स कमी पडलं ते एकाच ठिकाणी. एचडीआर न समजणाऱ्या प्रोजेक्टरवर एचडीआर सिनेमा दाखवायचा तर टोन मॅपिंग, म्हणजे एचडीआरचा उजेड साध्या पडद्याच्या आवाक्यात बसवणं, कॉम्प्युटरला करावं लागतं, आणि ते काम थ्रीडीच्या भागावर पडतं. एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये सगळ्या सेटिंग वर नेऊन ठेवल्यावर फ्रेम गळायला लागल्या (कीबोर्डवर आय दाबलं की आकडे पडद्यावर दिसतात). मित्राचं आरटीएक्स ३०५० दोन आठवडे लावून बघितलं, तेव्हा त्याच सेटिंगवर एकही फ्रेम गळली नाही, आणि ढगांमधले, दिव्यांभोवतीचे तपशील स्पष्टपणे जास्त होते. प्रोजेक्टर हाच तुमचा मुख्य पडदा असेल तर कार्ड जरूर घ्या. ३०५० चा ६ जीबीचा प्रकार ७० वॅटचा आहे, त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही आणि तो बिनपंख्याचाही मिळतो. आमच्याकडे प्रोजेक्टर महिन्यातून एखाद्या वेळी निघतो, तेव्हा मी सेटिंग एक पायरी खाली ठेवतो. मित्राचं कार्ड परत दिलं.