पेटीवरून पियानोकडे: कीबोर्ड आणि ॲपसोबतचे आठ महिने

माझा हात पेटीवर तयार झालेला. शाळेत असताना गांधर्वच्या सुरुवातीच्या परीक्षा दिल्या, लग्नानंतर भजनी मंडळात साथ करत राहिले. पियानोची ओढ मात्र लहानपणापासूनची. आमच्या तालुक्याच्या गावात तो शिकवणारं कुणी नाही, म्हणून दिवाळीत 61 पट्ट्यांचा कीबोर्ड घेतला आणि टॅबवर शिकवणी ॲपची वर्षाची वर्गणी भरली. पट्ट्या तर ओळखीच्याच, दोन-तीन महिन्यांत हात बसेल असं धरून चालले होते. आठ महिने झाले. रात्रीची झाकपाक झाली की 40 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस तरी बसते. एवढ्या काळात जे कळलं ते सविस्तर लिहिते, कारण पेटी येणाऱ्या माणसाला यातलं काही आधी कुणी सांगत नाही.

आधी जोडणीचं. सुरुवातीला ॲप टॅबच्या माइकवरून ऐकायचं. पंखा चालू असला की चुका दाखवायचं, आणि कुकरची शिट्टी झाली की धडाच अडकायचा. मग कीबोर्डच्या मागच्या यूएसबी खाचेत प्रिंटरला लागते तशी चौकोनी तोंडाची वायर लावून ती ओटीजी जोडणीने (टॅबच्या चार्जिंगच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या जोडाने) टॅबला दिली. त्या दिवसापासून ओळखण्यातली चूक जवळजवळ संपली, कारण आता आवाज ऐकण्याचा प्रश्नच नाही, कुठली पट्टी दाबली हे थेट कळतं. हेडफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथवर पट्टी दाबल्यावर सूर उमटायला जो किंचित वेळ लागतो, तेवढ्यानेही लय हातातून सुटते.

आता खरी अडचण. पेटीवर उजवा हात वाजवतो आणि डावा भाता ओढतो. तीस वर्षं माझ्या डाव्या हाताने वारा भरण्यापलीकडे काही केलेलं नाही. उजव्या हाताचे पहिले दोन आठवड्यांचे धडे मी तीन दिवसांत संपवले, आणि डाव्या हाताची पाच बोटं पाच पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवून एकेक उचलायची वेळ आली तेव्हा अनामिका करंगळीशिवाय हलेचना. दोन्ही हात एकत्र आले की डावा हात उजव्याची नक्कल करायचा. यावर ॲपचा उपाय एकच, वेग कमी करून पुन्हा वाजवा. मला उपयोगी पडला तो तबला. तीन मात्रांची एक धून होती, डाव्या हाताचा लांब सूर तिन्ही मात्रा धरून ठेवायचा आणि वर उजवा चालत राहणार. मेट्रोनोमच्या, म्हणजे ठरलेल्या वेगात मात्रा मोजणाऱ्या यंत्राच्या, टकटकीवर ते जमत नव्हतं. एका रात्री मी दादरा हा सहा मात्रांचा ताल तोंडाने म्हणत वाजवलं, धा धी ना, धा ती ना. पाश्चात्त्य नोटेशनची तीन-तीन मात्रांची दोन घरं म्हणजे आपलं एक आवर्तन. ‘धा’वर डावा हात पडायला लागला आणि आठवड्याभरात ते पान बसलं.

दुसरी गोष्ट आघाताची. पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्याने, पट्टी कशीही दाबा. पियानोत हातोडी तारेवर आदळते, पट्टी जितक्या वेगाने खाली जाईल तितका सूर मोठा, आणि उमटल्या क्षणापासून तो विरत जातो. कीबोर्ड हा आघात मोजून 1 ते 127 अशा आकड्यात पाठवतो. माझं ॲप तो आकडा विचारातच घेत नाही. मी मुद्दाम करून पाहिलं: एकच धून एकदा पट्ट्या बडवून आणि एकदा अगदी हलक्या बोटांनी वाजवली. दोन्ही वेळा सगळ्या खुणा हिरव्या, पूर्ण तारे. म्हणजे हिरवी खूण इतकंच सांगते की योग्य पट्टी योग्य वेळी दाबली गेली. तेवढं काम ॲप चोख करतं, आणि रात्री साडेनऊला न कंटाळता करतं, याचं मला फार मोल आहे. पण वाजलेलं कसं वाजलं, हे मला फोनवर ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकूनच कळू लागलं.

पडद्यावरून खाली घसरत येणाऱ्या रंगीत पट्ट्यांबद्दलही सांगते. त्यावर मी चार महिन्यांत बऱ्याच धुना वाजवल्या आणि टॅब बंद केला की एकही येत नव्हती. डोळे पट्टीचा पाठलाग करत होते, कान बाजूला पडला होता. पाचव्या महिन्यात ते दृश्य बंद करून फक्त पाच रेघांचं नोटेशन ठेवलं. इथेही पेटीची सवय आडवी आली. माझा सा काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी. सा हलवला की सगळी सरगम त्याच्यासोबत हलते, डोक्यात नातं असतं ते साशी. स्टाफवर, म्हणजे त्या पाच रेघांवर, प्रत्येक रेघ एका ठरलेल्या पट्टीला बांधलेली. पांढरी एक ही कायमची सी. बेस क्लेफ, म्हणजे खालच्या सुरांच्या, बहुतेक डाव्या हाताच्या ओळीची खूण, वाचायला तर दोन महिने गेले. त्यासाठी संगणकावर म्यूझस्कोर हे नोटेशन लिहिण्याचं सॉफ्टवेअर घेतलं, ते मोफत आहे. छापील पानावरून एकेक नोट त्यात स्वतः बसवायची, मग हव्या त्या मंद वेगात ऐकायची. अशी बारा ओळींची पानं उतरवून मी जेवढं वाचायला शिकले तेवढं ॲपच्या प्रश्नमंजुषांतून शिकले नव्हते.

61 पट्ट्या पुरतात का? सहा महिने पुरतात. पियानोच्या 88 पैकी डावीकडच्या 15 आणि उजवीकडच्या 12 यात नसतात. एका धड्यात डाव्या हाताला माझ्या शेवटच्या पट्टीच्याही खालचा सूर होता. ॲप योग्य पट्टी दाबेपर्यंत थांबून राहतं, तसं ते थांबलं, आणि माझ्या करंगळीखाली नुसतं प्लास्टिक. धडा सोडून द्यावा लागला. पट्ट्या किती आहेत हे त्याला आधी विचारता आलं असतं.

सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट मनगटाची. जानेवारीपासून उजवं मनगट रात्री ठणकायचं. मार्चमध्ये पुण्याला गेले तेव्हा ओळखीतून एका पियानोच्या बाईंकडे तासभर बसायला मिळालं. त्यांनी दोन ओळी ऐकल्या आणि माझ्या मनगटाखाली हात धरून ते वर उचललं. पेटीसमोर मांडी घालून बसल्यावर मनगट जसं खाली राहतं, तसंच मी खुर्चीवर बसून ठेवत होते. खुर्ची उंच करायला सांगितली, उजव्या हाताच्या सरगमीत तिसऱ्या बोटानंतर अंगठा खालून कसा सरकवायचा ते दाखवलं. दुखणं पंधरा दिवसांत गेलं. त्यांच्या खऱ्या पियानोवर माझे हलके सूर उमटलेच नाहीत, पट्टी खाली गेली आणि आवाज नाही. कीबोर्डच्या पोकळ पट्ट्यांवर बोटांना वजन उचलायची सवयच लागलेली नव्हती.

म्हणून आता घेणाऱ्याने ऐपत असेल तर वजनदार पट्ट्यांचा 88 चा डिजिटल पियानोच बघावा. नसेल तर 61 चा घ्या, पण आघात ओळखणारा आणि पेडल (सूर लांबवणारी पायाची पट्टी) लावता येणारा घ्या, आणि वर्षाच्या वर्गणीतले थोडे पैसे बाजूला ठेवून दोन-तीन महिन्यांनी एखाद्या जाणत्या माणसाला हात दाखवून या. माझी वर्गणी दिवाळीला संपते. ती भरणार नाही, ते पैसे पुण्याच्या तासांसाठी ठेवलेत. कीबोर्ड आहेच. त्यावर सध्या फक्त डाव्या हाताचे अलंकार चालू आहेत, करंगळीपासून, मेट्रोनोम मिनिटाला 60 मात्रांवर. काल पहिल्यांदा अनामिका एकटी उचलली गेली.