वसुलीचे फोन आणि रिझर्व्ह बँकेचे तक्रार पोर्टल: कुठे कामी येते, कुठे नाही

वसुली एजंटांच्या फोनांनी वैतागलेला माणूस आधी नंबर ब्लॉक करतो, मग दुसऱ्या नंबरवरून आलेल्या एजंटाशी भांडतो. दोन्हींतून हाती पुरावा राहत नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर पुराव्याशिवाय काहीच चालत नाही.

हे पोर्टल एकात्मिक लोकपाल योजनेचे. योजना १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाली आणि बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या), डिजिटल व्यवहार यांचे तीन वेगळे लोकपाल, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी, एका छताखाली आले. शुल्क शून्य. वकील लागत नाही. वकिलामार्फत केलेली तक्रार तर योजनेत बसतच नाही. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे, तिथे मराठीतही माहिती मिळते. मात्र आज रात्रीचा फोन हे पोर्टल थांबवू शकत नाही. एजंटाच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेवर लेखी टाकायची, एवढ्यासाठी ते आहे. ते काम ते चोख करते.

थेट पोर्टलवर गेलात तर तक्रार परत येईल. आधी बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करायचा आणि तक्रार क्रमांक घ्यायचा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, की मग लोकपाल. २०२१ च्या योजनेत त्यासाठी उत्तर मिळाल्यापासून एका वर्षाची मुदत ठेवली. कस्टमर केअरला फोनवर केलेली तक्रार सिद्ध करता येत नाही, म्हणून ईमेलच. अर्जात ‘संस्थेकडे आधी तक्रार केली होती का’ असा प्रश्न येतो. तिथे तारीख घालून ईमेलची प्रत आणि पोच जोडा. सर्वाधिक अर्ज अडकण्यासारखी जागा हीच.

आता मजकूर. ‘एजंट फार त्रास देतात, मानसिक छळ होतो’ एवढ्यावर संस्था ‘आमचे एजंट नियमानेच बोलतात’ असे कळवून मोकळी होते. त्याऐवजी असे लिहा: ‘अमुक तारखेला रात्री ८.४० ला, या नंबरवरून, स्वतःला अमुक एजन्सीचा म्हणवणाऱ्याने माझ्या भावाला फोन करून थकबाकीची रक्कम सांगितली. भाऊ जामीनदार नाही. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडला आहे.’ एवढ्यात दोन नियम मोडल्याचे दिसते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने थकीत कर्जाच्या वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला मनाई केली. नातेवाईक, मित्र यांच्या खासगीपणात घुसणे, चारचौघांत अब्रू काढणे, निनावी किंवा धमकीचे फोन, सतत फोन करत राहणे, खोटी माहिती देणे हेही त्यात निषिद्ध आहे. मायक्रोफायनान्सची वेळ आणखी कडक: सकाळी ९ ते संध्याकाळी ६.

पुरावा गोळा करताना नंबर लगेच ब्लॉक करू नका. कॉल रेकॉर्डिंग मूळ फाइल म्हणून त्याच फोनमध्ये ठेवा. पुढे कोर्टात जायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते आणि तिथे कापलेली क्लिप संशय वाढवते. व्हॉट्सॲपवरचे संवाद ‘एक्स्पोर्ट चॅट’ने काढा, कारण समोरचा मेसेज डिलीट करतो. नातेवाइकाला फोन आला असेल तर स्क्रीनशॉट त्याच्याच फोनचा हवा. बँकांना वसुली एजंटांचे कॉल रेकॉर्ड करण्याची सूचना २००८ पासूनच आहे, म्हणून ईमेलमध्ये ‘या कॉलचे तुमच्याकडचे रेकॉर्डिंग जपून ठेवा’ अशी एक ओळ घाला. ही ओळ वाचून खालचा अधिकारी ईमेल वरच्याकडे पाठवण्याची शक्यता बरीच वाढते.

तक्रार आधी रिझर्व्ह बँकेच्या चंडीगडच्या केंद्रात तपासली जाते, मग लोकपालाकडे जाते. संस्थेला लेखी म्हणणे मांडायला १५ दिवस मिळतात. २०२१ च्या योजनेत संस्थेच्या चुकीमुळे ओढवलेल्या नुकसानीसाठी २० लाख रुपयांपर्यंत आणि वेळ, खर्च व मनस्तापासाठी वेगळी १ लाखापर्यंत भरपाईची तरतूद केली. या मर्यादा आहेत. तेवढे हाती पडेल असे धरून चालू नका. कर्जही माफ होत नाही, व्याज चालूच राहते.

पोर्टल कुठे तोकडे पडते? गृहवित्त कंपनीचे कर्ज असेल तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते, इथे नाही. कर्ज देणारे ॲप कोणत्याच नोंदणीकृत संस्थेचे नसेल तर लोकपाल हात टेकतो. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर डिजिटल कर्ज ॲपची यादी आहे, ती आधी तपासा. यादीत नसलेल्या ॲपसाठी बेकायदा वित्त व्यवहारांच्या तक्रारींचे ‘सचेत’ पोर्टल, आणि फोटोत फेरफार (मॉर्फ) करून पैसे उकळत असतील तर १९३० ही सायबर हेल्पलाइन किंवा सायबर क्राइम पोर्टल. जिवाची किंवा बदनामीची धमकी आली तर संस्थेच्या उत्तराच्या ३० दिवसांची वाट पाहू नका. पोलिसांत जा, भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ आणि खंडणीचे ३०८ त्यासाठीच आहे.

फसव्या फोनांची ठेवणीतली वाक्ये ठरलेली असतात: ‘आज संध्याकाळी अटक वॉरंट निघेल’, ‘डिजिटल अरेस्ट’. निव्वळ हप्ता थकल्याबद्दल अटक होत नाही. चेक बाउन्स वेगळा, तिथे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची लेखी नोटीस येते आणि पैसे भरायला १५ दिवस मिळतात. फोनवर एजंटाला त्याचे नाव, एजन्सी आणि अधिकारपत्राची प्रत मागा. बँकेच्या खऱ्या एजंटाकडे ते असायलाच हवे. डिजिटल कर्जात एजंट संपर्क करण्याआधी त्याची माहिती तुम्हाला ईमेल किंवा एसएमएसने यायला हवी. एजंटाच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका; पैसे कर्ज खात्यातच जायला हवेत. ‘सेटलमेंट’ची, म्हणजे कमी रकमेत कर्ज मिटवण्याची, बोली असेल तर संस्थेच्या लेटरहेडवरचे पत्र आधी, पैसे नंतर. आणि सेटलमेंट केल्यास क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते, हे एजंट आपण होऊन सांगत नाही.

कर्ज तुमचे नसतानाच फोन येत असतील तर क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. त्यात परके कर्ज दिसले तर दुरुस्तीचा अर्ज करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे, आणि ती मिळाली नाही तर त्याचीही तक्रार याच पोर्टलवर करता येते.