‘२०डी’ पॅडची शॉर्ट्स आणि माझी लाज

दुखत होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि मी फसलो तो त्यामुळेच.

सायकल चालवायला लागून चार महिने झाले होते. दहा-बारा किलोमीटरपर्यंत काही वाटायचं नाही. वीसच्या पुढे बूड सॅडलवर टेकवत नसे आणि तीसच्या पुढे समोरच्या भागाला मुंग्या येऊन तो चक्क बधिर व्हायचा. गुडघा दुखला असता तर दहा जणांना विचारलं असतं. हे कुणाला विचारणार? दुकानात उभं राहून ‘पुरुषांची पॅडवाली शॉर्ट्स दाखवा, आणि हो, आत अंडरवेअर घालायची असते का?’ असं विचारायची माझी छाती नव्हती. म्हणून रात्री सगळे झोपल्यावर फोनवर शोधलं. दुसऱ्या दिवसापासून फोन उघडला की शॉर्ट्सच शॉर्ट्स.

त्यातली एक जाहिरात मनात बसली. लोगो नावाजलेल्या ब्रँडचा वाटावा असा. ‘गोदाम बंद होत आहे, शेवटचे काही नग.’ वर उलटं धावणारं घड्याळ: दोन तास अकरा मिनिटं. किंमत चांगल्या शॉर्ट्सच्या पाव. पाचपैकी ४.९ तारे आणि खाली अभिप्रायांची रांग. ‘इटालियन २०डी जेल पॅड, १०० टक्के लायक्रा.’ दुसऱ्या नगावर आणखी सूट होती, म्हणून दोन घेतल्या आणि कार्डाने पैसे भरून मोकळा झालो. पान बंद करून पुन्हा उघडलं असतं तर घड्याळ परत दोन तास अकरा मिनिटांवर आलेलं दिसलं असतं. पण ते मी केलं नुकसान झाल्यावर.

खरं तर जाहिरातीच्या त्या एका ओळीतच चोरी उघडी पडलेली होती. लायक्रा हे इलास्टेन नावाच्या ताणल्या जाणाऱ्या धाग्याचं व्यापारी नाव. अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ साली हा धागा तयार केला. पण नुसत्या इलास्टेनची शॉर्ट्स कुणी शिवत नाही. नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये तो साधारण १५ ते २५ टक्के मिसळतात. अंगाबरोबर ताणणं आणि परत जागेवर येणं एवढं त्याचं काम. त्यामुळे ‘१०० टक्के लायक्रा’ लिहिणाऱ्याला कापडातलं काही कळत नाही, किंवा आपल्याला कळत नाही याची त्याला खात्री आहे. आणि ‘२०डी’? या ‘डी’ला कसलंही ठरलेलं माप नाही. कुणी ३डी लिहितं, कुणी ९डी, कुणी १९डी. मी मात्र २० हा आकडा ९ पेक्षा मोठा आहे एवढंच पाहिलं.

पार्सल महिन्याहून जास्त काळाने आलं. पिशवीवर जाहिरातीतलं नाव नव्हतं, कुठलंच नव्हतं. साइज निवडताना त्यांनी फक्त उंची आणि वजन विचारलं होतं. तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण ऐंशी किलोचे दोन पुरुष कमरेला, कुल्ल्यांना आणि मांडीला अगदी वेगळे असू शकतात. कंबर आणि कुल्ल्यांचा सर्वांत रुंद भाग ही दोन मापं तरी टेपने घेऊन त्या त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडावीच लागतात. एकाचा ‘एल’ दुसऱ्याचा ‘एम’ निघतो. माझी शॉर्ट्स कमरेला रुतत होती, मांडीवर ढगळ होती, आणि पायाच्या काठाला सिलिकॉनची पट्टी म्हणून जे होतं ते तिसऱ्या पेडलला वर सरकलं. आरशापुढे वाकलो तर मागून सगळं आरपार. लायक्राचं प्रमाण किती होतं देव जाणे.

पॅड मात्र जाड होतं. चांगलं दोन बोटं. मला वाटलं, बाकी जाऊ दे, मुख्य गोष्ट तरी मिळाली.

पहिल्याच रविवारी साठ किलोमीटरला गेलो. पस्तीसाव्या किलोमीटरपर्यंत दोन्ही जांघा सोलवटल्या होत्या, बधिरपणा पूर्वीपेक्षा लवकर आला आणि उरलेलं अंतर मी जवळजवळ उभ्यानेच कापलं. दोन दिवसांनी डाव्या बाजूला केसतूड उठलं. आठवडाभर खुर्चीत तिरका बसत होतो आणि विचारणाऱ्याला ‘पाठ धरलीय’ म्हणून सांगत होतो.

आमच्यासोबत सायकल चालवणारे एक काका आहेत. वय साठीच्या पुढे, दोनशे किलोमीटर सहज मारतात. माझं तिरकं बसणं त्यांनी बरोबर ओळखलं. ‘लाजतोस काय? आण इकडे ती शॉर्ट्स, बघू दे.’ दुसऱ्या दिवशी धुतलेली शॉर्ट्स पिशवीत घालून नेली. त्यांनी पॅड अंगठ्याने दाबलं तर अंगठा थेट पलीकडच्या बोटाला भिडला. ‘हा भांडी घासायचा स्पंज आहे रे.’

मग त्यांनी जे समजावलं ते आधी माहीत असतं तर मी फसलोच नसतो. सायकलवर वजन पडतं ते ढुंगणाच्या मांसावर नाही, खालच्या दोन बैठकीच्या हाडांवर. पॅडला आधार द्यायचा तो या दोन जागी. नरम आणि जाड पॅडमध्ये ही हाडं खाली रुततात आणि मधला भाग उलट वर दाबतो. नेमक्या तिथूनच पुरुषांच्या त्या नाजूक भागाची नस आणि रक्तवाहिन्या जातात. म्हणजे माझा बधिरपणा पॅड जाड असूनही नव्हे, तर जाड आणि भुसभुशीत असल्यामुळे वाढला होता. म्हणून पॅडची जाडी नाही, घनता बघायची. ती एका घनमीटरला किती किलो अशी मोजतात, आणि लांब पल्ल्याच्या शॉर्ट्समध्ये हाडांखालचा फोम बहुधा ८० ते १२०च्या घरात असतो. मधे खाच किंवा पातळ भाग हवा, कडा उतरत्या हव्यात. जेल म्हटलं की भारी, हाही गैरसमज. जेल जड असतं आणि गरम होतं. बाकी पूर्वी म्हणे हे पॅड खऱ्या कातड्याचं असायचं, शॅमॉय नावाच्या डोंगरी प्राण्याच्या. धुतलं की कडक व्हायचं, मग मलम चोळून मऊ करायचं. जुने सायकलवाले आजही फोमच्या पॅडला शॅमीच म्हणतात.

काकांनी शॉर्ट्स उलटी केली. आत सगळीकडे साधी ओव्हरलॉक शिवण, दोऱ्याचा कंगोरा वर आलेला, आणि एक शिवण बरोबर मधून गेलेली. चांगल्या शॉर्ट्सला चपटी शिवण असते, बोट फिरवलं तर जेमतेम लागते. ‘आणि आत काय घातलं होतंस?’ मी सांगितलं. ते कपाळाला हात लावून हसले. आत काहीही घालायचं नसतं. पॅड थेट अंगाला लागलं पाहिजे, नाहीतर अंडरवेअरची शिवण आणि घाम दोन्ही घासतात.

आता पैशांचं. मी विक्रेत्याला ईमेल केली. उत्तर तासाभरात, अतिशय गोड. ‘प्रिय सर, आत अंडरवेअर घालून पाहा, टोचणार नाही.’ सायकलची शॉर्ट्स विकणारा माणूस हा सल्ला देतो तेव्हाच पुढची बोलणी थांबवायला हवी. मी थांबवली नाही. परत पाठवायचं म्हणालो तर पत्ता निघाला समुद्रापलीकडच्या गोदामाचा, आणि पाठवणावळ माझी, तीही शॉर्ट्सच्या किमतीहून जास्त. ‘त्यापेक्षा वस्तू ठेवा, आम्ही १५ टक्के परत करतो.’ नको म्हटलं. मग दोष दाखवा म्हणाले. शिवणीचा, पॅडचा फोटो पाठवला. ‘फोटो स्पष्ट नाही. शॉर्ट्स अंगात घालून, दोष दिसेल असा व्हिडिओ पाठवा.’

इथे मी हरलो. अनोळखी माणसाला तसला व्हिडिओ मी काही पाठवणार नव्हतो, आणि घरात कुणाला ‘जरा माझा व्हिडिओ काढ’ असं सांगणारही नव्हतो. त्यांना हे ठाऊक असणार. आकडा १५ वरून २० वर, मग ३० वर. प्रत्येक ईमेलमध्ये चार-पाच दिवस जात होते. शेवटी कंटाळून ३० टक्क्यांना ‘ठीक आहे, मान्य’ असं लिहून दिलं.

ते ३० टक्केही आले नाहीत. बँकेकडे गेलो तेव्हा कळलं की कार्डाने भरलेले पैसे तक्रार करून परत मागता येतात, पण त्याला मुदत असते. विक्रेत्याचा सगळा गोडवा ती संपावी म्हणूनच होता. शिवाय मी लेखी तडजोड मान्य केलेली. पुरावा मागितला तर जाहिरातीचं पान केव्हाच गायब, आणि मी त्याचा स्क्रीनशॉट काढलेला नव्हता. तक्रार फेटाळली गेली.

तेव्हा तुम्ही अशा घोळात अडकलात तर पहिल्याच दिवशी बँकेला कळवा. घासाघीस करत बसू नका, ‘मान्य’ हा शब्द कुठेही लिहू नका. ऑर्डर देतानाच पानाचा फोटो काढून ठेवा. दुकानाच्या वेबसाइटचं नाव कधी नोंदवलं गेलं ते फुकटात बघता येतं. माझ्यावाल्याचं वय सात आठवडे होतं. शॉर्ट्सचा फोटो शोधयंत्रात टाकून तोच आणखी कुठे दिसतो ते बघा. मी नंतर शोधला, तर तोच मॉडेल, तीच मांडी, पाच निरनिराळ्या नावांखाली. आणि नवी शॉर्ट्स घरात घालून पाहिलीत तर उभ्याने पाहू नका. उभं असताना चांगली शॉर्ट्सही पुढून आखूड आणि ओढल्यासारखी वाटते. ती हँडलवर वाकलेल्या माणसासाठी बेतलेली असते.

नंतर मी दुकानातच गेलो, टेप घेऊन. खांद्यावर पट्टे असलेली बिब घेतली, कमरेला इलास्टिकच नको म्हणून. विकणाऱ्या मुलाला सगळं विचारलं, अंडरवेअरसकट. तो अजिबात हसला नाही, रोजचंच असावं.

परवा फोनवर पुन्हा तीच जाहिरात आली. दुकानाचं नाव नवीन, मांडी तीच, घड्याळात दोन तास अकरा मिनिटं. पॅड आता ३२डी झालं आहे.