मिटवून घ्यायचं की क्लेम टाकायचा?

अपघाताचा गुन्हा नोंदला गेलाय, पाय प्लास्टरमध्ये आहे आणि टेम्पोमालक ओळखीच्या माणसाला घेऊन दारात आलाय, अशा घरासाठी हे लिहितोय. 2023 मध्ये आमच्या घरी हेच चाललं होतं. कराडजवळ हायवेला टेम्पोनं मागून ठोकलं, उजवी नडगी मोडली, मिरजेत ऑपरेशन होऊन प्लेट बसली. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना मी तोलणार आहे. काम दिवसभर उभ्यानं.

मिटवून घेण्यात काही कमीपणा नाही. पैसे त्याच आठवड्यात हातात, वकील नाही, तारखा नाहीत. मला 60,000 देऊ केले होते, आणि दवाखान्याचं बिल उसनवारीवर भागवलेलं असताना तो आकडा लहान वाटत नाही. थोरला भाऊ म्हणत होता, घेऊन टाक. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. मुका मार असता, पंधरा दिवसांत कामावर गेलो असतो, तर मीही घेतले असते.

मला अडवलं ते स्टॅम्पपेपरवरच्या एका ओळीनं. ‘यापुढे सदर अपघाताबाबत माझी कोणतीही तक्रार अगर मागणी राहणार नाही.’ त्याच सकाळी डॉक्टर म्हणाले होते की दीड वर्षानं प्लेट काढावी लागेल. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा कुबड्या, पुन्हा बुडालेली हजेरी. मी म्हटलं, प्लेट काढायचा खर्च तेवढा कागदावर घ्या. “त्याचं बघू की तेव्हा, लिहायला कशाला पाहिजे?” असं उत्तर आलं. बघायचंच असेल तर लिहायला काय हरकत, हे मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. सही राहिली ती राहिलीच.

‘गरीब माणसाला कोर्टात कशाला ओढता’ हा बोल आमच्या आईला फार लागला होता. पण गाडीचा विमा चालू असला की भरपाई सहसा कंपनी भरते, मालकाच्या घरातून जात नाही. म्हणून आधी गाडीच्या नंबरावरून विमा तपासा. तो नसेल तर वसुली मालकाकडूनच करावी लागते, आणि मग मिटवण्याचं पारडं जड होऊ शकतं.

हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली अशा दुखापतीला, कुणाची चूक ते सिद्ध न करता, 2.5 लाख मिळतात. कलम 166 खाली जास्त मागता येतं, पण तिथं समोरच्याची चूक दाखवावी लागते. आम्ही 166 घेतलं. अपघात सातारा जिल्ह्यात झाला तरी अर्ज राहत्या जिल्ह्यात, सांगलीत करता आला.

तारखांचा त्रास मात्र खरा. अर्धा दिवस बसून पुढची तारीख घेऊन परत यायचं, असं कितीदा झालं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिलला हेलपाटे, अडत्याकडून कमाईचा कागद. दाखल्यावर 18 टक्के आले. खुर्चीवर काम करणाऱ्याला तेवढे निभावतील, तोलणाऱ्याला नाही. शरीराचा टक्का आणि कमाईची घट एकच धरू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सांगितलंय. आमच्या वकिलांचा सगळा भर त्यावरच होता.

शेवटी आम्हीही तडजोडच केली, पण लोकअदालतीत, प्लेट निघून तिची बिलं फाईलला लागल्यावर. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, कंपनीलाही नाही. निकालापर्यंत लढलो असतो तर रक्कम कदाचित वाढली असती, पण कंपनी अपिलात जाऊ शकली असती. (ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालंय, त्यामुळं अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही.)

क्लेम टाकून नंतर तडजोड करता येते. आधी सही दिली, तर तोच कागद पुढं आपल्यासमोर धरला जातो. माझा कल कुठं आहे ते दिसतंच असेल. तरी तुमचा पाय, तुमचं घर, निर्णय तुमचा. अर्जाला कायद्यात अपघातापासून 6 महिने दिलेत, तेवढे तारखेनं मोजा. आणि काहीही ठरवलंत तरी डिस्चार्जच्या कागदावर दुसऱ्या ऑपरेशनचं डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या.