तार एक वीत कमी : हवेच्या पंपाचा दहा महिन्यांचा अनुभव

पंपाची तार किती लांब आहे, हे दुकानात कोणी मोजून पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. गेल्या ऑक्टोबरमध्ये ३,८५० रुपये देऊन बारा व्होल्टवर चालणारा हवा भरण्याचा पंप घेतला, तेव्हा खोक्यावर छापलेले ‘तीन मीटर तार’ हे शब्द वाचून समाधान मानले आणि तो गाडीत मागच्या बाकाखाली ठेवून दिला. जानेवारीत एका संध्याकाळी, सूर्य मावळायला जेमतेम अर्धा तास उरलेला असताना, डाव्या बाजूच्या मागच्या चाकापाशी तो घेऊन उकिडवा बसलो, तेव्हा कळले की तार पोहोचत नाही. आमची बाग राखणारे तात्या सोबत होते. त्यांनी पंप आणि चाक यांमधल्या रिकाम्या जागेवर पंजा पसरून पाहिला आणि शांतपणे सांगितले, “भाऊ, एक वीत कमी.”

गाडी २०१७ ची जुनी महिंद्रा थार जीप आहे, चाके २३५/७० आर १६ मापाची. ती मी हौसेसाठी रानात घालत नाही. राजापूर तालुक्यात थोडी कलमे आहेत, त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा पुण्याहून कोल्हापूरकडून अणुस्कुरा घाट उतरून जावे लागते. डांबर सुटल्यावर उरलेला साडेतीन किलोमीटरचा रस्ता चिरेखाणीच्या ट्रकांनी उखडलेला आहे. मध्ये कातळाच्या दोन पायऱ्या लागतात आणि शेवटी एक पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडावा लागतो. अशा वाटेवर चाकातली हवा ३० पीएसआयवरून (हे हवेच्या दाबाचे माप) १८ पर्यंत उतरवली की टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते आणि कातळावरचे दणकेही निम्मे वाटतात, हे वाचकांना ठाऊकच असेल. मात्र उतरवलेली हवा पुन्हा भरण्याची सोय जवळ नसेल, तर ती उतरवण्यात अर्थ नाही, कारण त्याच हवेवर हमरस्त्याने वेगात गेल्यास टायर तापून खराब होतो. पेट्रोल पंपावर फुकट मिळणाऱ्या हवेसाठी जवळजवळ चार हजार रुपये घालवताना माझा जीव किती खालीवर झाला, ते घरच्यांना विचारावे. पण जवळचा पेट्रोल पंप रानात येत नाही, एवढ्या एका कारणाने मी तो घेतला.

जानेवारीतले पंक्चर साधे होते. टायरच्या मधोमध खिळा शिरला होता. पक्कडीने तो उपसला, टोच्याने भोक साफ केले, चिकट वात सुईत ओवून आत दाबली आणि बाहेर राहिलेले टोक कापले. या कामाला सरावाने दहा मिनिटे लागतात आणि त्यासाठीचे किट दोन-अडीचशे रुपयांत मिळते. नंतर हवा भरायची वेळ आली. पंपाला वीज देणारे सॉकेट पुढे डॅशबोर्डवर, चाक मागे. दार उघडून तार खालून घेतली, गाडी जराशी पुढे सरकवून व्हॉल्व्ह जमिनीच्या बाजूला आणला, नळी पुरती ताणली, तरी पंप जमिनीवर टेकत नव्हता. गाडी उलटी लावावी, असा विचार एक क्षणभर माझ्या मनात येऊन गेला. गाडी कशीही फिरवली तरी तिचे सॉकेट आणि तिचे चाक यांतले अंतर तेवढेच राहते, हे नंतर उमगले. शेवटी तात्यांनी गोणपाटात गुंडाळून तो थरथरणारा, तापणारा पंप हातांत धरला आणि मी नळी सांभाळली. काटा १४ वर गेला आणि पंप बंद पडला.

फ्यूज उडाला असेल, म्हणून प्लग ओढला, तर तो निघेना. जोर लावल्यावर निघाला तेव्हा त्याच्या टोकाचे काळे प्लास्टिक मेणासारखे ओघळलेले होते, स्प्रिंगवरची पितळी टोपी वाकडी होऊन आत रुतली होती आणि आतला काचेचा फ्यूज धुरकटला होता. गाडीच्या डब्यातला निळा, म्हणजे १५ अँपिअरचा फ्यूजही गेला होता. पंपाच्या पाठीवर १४ अँपिअर असे लिहिलेले आहे. मूळ सिगारेट पेटवण्याच्या वस्तूसाठी योजलेल्या, केवळ स्प्रिंगच्या दाबावर टेकून राहणाऱ्या त्या जोडातून १४ अँपिअर चार-चार मिनिटे वाहू द्यायचे, ही कल्पनाच चुकीची आहे. रस्त्याच्या हादऱ्यांनी सॉकेट जरा सैल झाले, की तिथेच उष्णता साठते. सॉकेट आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेले होते, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. त्या रात्री १४ च्या हवेवर, दुसऱ्या गिअरमध्ये, पाचलपर्यंत गाडी आणली.

यानंतरचे दोन महिने सेवा केंद्राशी पत्रव्यवहारात गेले. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण असाच पंप चार वेगवेगळ्या नावांनी विकला जाताना मी पाहिला आहे. कुरियरचे २८० रुपये माझ्या खिशातून गेले. सोळा दिवसांनी दूरध्वनी आला की प्लग वितळणे ही ‘बाह्य इजा’ असून ती वॉरंटीत बसत नाही. बाहेरून काय इजा झाली, असे विचारले असता “गरम झाल्यामुळे” असे उत्तर मिळाले. गरम कशामुळे झाले, हा प्रश्न मी तीन पत्रांत तीन प्रकारे विचारला आणि तिन्ही वेळा एकच छापील उत्तर आले. पंप न दुरुस्त करताच परत आला, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि विषय डोक्यातून काढून टाकायचे ठरवले.

तो निघाला नाही. एका रविवारी पंप गॅलरीत घेऊन बसलो आणि टेपने तार मोजली. दोन मीटर सत्तर सेंटिमीटर! खोक्यावरच्या तीन मीटरांत बहुधा नळीचाही थोडा भाग धरला असावा. वॉरंटी नाकारलीच होती, म्हणून तार पंपापासून हातभर ठेवून कापली. आवरण जाड, बोटाएवढे, आणि आतले तांबे पाहावे तर जेमतेम पाऊण स्क्वेअर एमएम. घरातल्या पंख्याला शोभेल अशी ही तार. तिच्यातून १४ अँपिअर नेले, तर जाऊन-येऊन साडेपाच मीटरांत पावणेदोन व्होल्टच्या आसपास तारेतच गळतात. प्लगमधली गळती वेगळी. कापण्यापूर्वी नवा प्लग लावून मल्टिमीटरने मोजले होते : इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ आणि पंपाच्या तोंडाशी ११.६. म्हणजे पंप अशक्त नव्हता, त्याला अर्धपोटी ठेवले होते.

मग चार स्क्वेअर एमएमची दुपदरी तार पाच मीटर आणली, टोकाला बॅटरीचे चिमटे लावले, धन बाजूला चिमट्यालगत २० अँपिअरचा पिवळा फ्यूज घातला आणि सॉकेटचा संबंधच तोडला. फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा, पंपाजवळ नव्हे. नाहीतर तार दारात चेमटून शॉर्ट झाली तर मधल्या तारेला काही संरक्षण राहत नाही. सगळे मिळून ८१० रुपये झाले. हे पैसे मी पंपाच्या किमतीतच धरतो आणि म्हणून माझ्या दृष्टीने हा पंप ३,८५० चा नाही, ४,६६० चा आहे, शिवाय कुरियर. पाचपैकी दोन तारे.

वरील मजकूर मे महिन्यात लिहून ठेवला होता. पाठवायचे राहून गेले, ते बरे झाले, कारण पावसाळ्यात माझे मत बरेच बदलले आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चिऱ्याच्या एका धारदार तुकड्याने पुढच्या टायरची बाजू कापली. बाजूच्या चिरेला वात चालत नाही. तो भाग सतत वाकत असल्यामुळे वात धरत नाही आणि धरली तरी भरवसा ठेवू नये. म्हणजे स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला आहे. १९०४ मध्ये तिथे जादा चाक तयार होऊ लागले आणि त्या रस्त्याचे नाव आपल्याकडच्या प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी बसले. माझ्या स्टेपनीला मात्र त्या परंपरेची लाज राहिली नव्हती. मागच्या दारावर वर्षभर मिरवत असलेल्या त्या चाकात हवा निघाली ११. दर महिन्याला चारच चाके तपासण्याची माझी सवय मला त्या दिवशी भोवली असती. पण बॉनेट उघडून चिमटे लावले, इंजिन चालू ठेवले आणि पंपाने सात मिनिटांत ती ११ वरून ३२ वर नेली. आवाज एकसारखा, तार हाताला गार. असा पंप चालतो, हे मला प्रथमच दिसले.

त्याच प्रसंगात ज्याने खरोखर गाडी उचलली, ती वस्तू फुकट मिळालेली होती. गाडीबरोबर आलेला जॅक पावसाने भिजलेल्या तांबड्या मातीत ठेवला की गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो. सुताराकडे उरलेला अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायचा फूटभर चौकोन मी आधीच मागून ठेवला होता, तो खाली घातला आणि काम झाले. चाकाच्या नटांसाठी गाडीतला आखूड पाना न वापरता लांब दांड्याचा पाना ठेवावा. गॅरेजमध्ये हवेच्या बंदुकीने आवळलेले नट आखूड पान्याने सुटत नाहीत, आणि नट गाडी उचलण्यापूर्वी, चाक जमिनीवर असतानाच, थोडे सैल करून घ्यायचे असतात.

ऑगस्टमध्ये पऱ्याच्या पलीकडच्या चढावर गाडी रुतली. लो गिअर, १८ ची हवा आणि फावडे यांनी तासभर प्रयत्न केल्यावर चिरेखाणीचा ट्रक आला. चालकाने तारेचा दोर काढला, तो मी नम्रपणे नाकारला. माझ्याकडे नऊ मीटरचा नायलॉनचा पट्टा आहे, जो ओढताना ताणतो आणि धक्का शोषून घेतो. पोलादी दोर ताणत नाही, आणि तुटला तर माणूस कापतो. पट्टा अडकवायला पावणेपाच टनी शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणारी पोलादी कडी, तेही चासीला बोल्टने धरलेल्या मूळ हुकात. ट्रेलर जोडण्यासाठी मागे असलेल्या गोळ्याला पट्टा कधीही लावू नये. गोळा तुटून तोफेच्या गोळ्यासारखा सुटल्याने माणसे दगावली आहेत. पट्ट्याच्या मध्यावर तात्यांचे ओले गोणपाट टाकले, म्हणजे काही तुटलेच तर ते वजनाने खाली बसेल, आणि सगळ्यांना पट्ट्याच्या दुप्पट अंतरावर उभे केले. चालक हसत म्हणाला, “काका, गाडी काढायची आहे की पूजा मांडायची आहे?” दुसऱ्या हिसक्याला गाडी वर आली. शॅकलची पीन घट्ट आवळून पाव आटा मागे फिरवून ठेवली होती, म्हणून ती नंतर हाताने सुटली.

बाकीच्या पिशवीबद्दल थोडक्यात : जादा फ्यूज, इन्सुलेशन टेप, फॅनचा पट्टा, एक रेडिएटर होज दोन क्लिपांसकट, पाच लिटर पाणी, डोक्याला लावायची बॅटरी, चामडी हातमोजे आणि कोयता. दहा महिन्यांत यांतला कोयता सर्वांत जास्त वापरला गेला. ऑनलाइन मिळणारा ‘एकशे आठ वस्तूंचा संच’ घेऊ नये. त्यातले पाने दुसऱ्या नटाला गोल होतात.

पंपाबद्दल राहिलेल्या दोन गोष्टी. त्याचा काटा चालू स्थितीत तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो, म्हणून बंद करून मगच वाचावे. मी वेगळा गेज ठेवतो. दुसरे, नव्या तारेवर तो १८ वरून ३० पर्यंत न्यायला एका चाकाला चार मिनिटे घेतो, आणि दोन चाकांनंतर त्याला दहा मिनिटे विसावा द्यावा लागतो. एवढ्या वेळात कातळावर बसून डबा खाता येतो. मोटर आणि पितळी जोड यांत मला आजवर खोट सापडलेली नाही. म्हणून दोनाचे तीन तारे करतो. चौथा तारा त्या वितीत अडकलेला आहे, आणि वीस-तीस रुपयांच्या तांब्यासाठी एवढा चांगला पंप ज्यांनी अधू केला, त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

ग्राहक हेल्पलाइनवरच्या तक्रारीला जुलैमध्ये फळ आले. कंपनीकडून कुरियरने एक पाकीट आले, त्यात प्लगसह नवी तार होती आणि सोबतच्या पत्रात लिहिले होते की मूळ पद्धतीची तार बसवलेली असल्यास मोटरची वॉरंटी पूर्ववत राहील. तार लगेच मोजली. दोन मीटर सत्तर. ती पाकिटासकट हातमोजांखाली ठेवली आहे, कारण मोटर मध्येच बंद पडली तर पंप पाठवताना तीच लावावी लागेल, आणि वॉरंटी १४ ऑक्टोबरपर्यंत आहे.