शिक्षेत चूक झालीय: दुरुस्तीचा अर्ज, नुसतं शिक्षेवर अपील का पूर्ण अपील?

निकाल लागतो, माणूस हर्सूल जेलला जातो, आन दोन दिवसांनी घरचे निकालाचा कागद घेऊन विचारायलेत की वकीलसाहेब यात शिक्षाच चुकलेली दिसायली, आता काय करावं. आधी एवढंच बघा, चूक हाताची आहे का डोक्याची.

हाताची म्हंजे निकालात 2 वर्षं लिहिलेत आन जेलच्या वॉरंटवर 3 पडलेत, किंवा आत काढलेले दिवस मोजताना बेरीज चुकली. याला अपील कशाला, त्याच कोर्टात दुरुस्तीचा अर्ज द्या, खर्च जवळजवळ नाहीच. पण सही झालेल्या निकालात कोर्टाला फक्त कारकुनी आन आकड्याची चूक सुधारता येते (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हंजे सीआरपीसीचं कलम 362, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हंजे बीएनएसएसचं 403), त्यापुढं कोर्टाचे हात बांधलेले.

इथंच लोकं फसतात. आमच्या एका पाव्हण्याला एकाच केसमध्ये दोन कलमांखाली 3 वर्षं आन 1 वर्ष लागलं, दोन्ही सोबत भोगायच्या का एकामागं एक हे निकालात कुठंच नाही. जुन्या सीआरपीसीच्या कलम 31 प्रमाणे कोर्टानं सोबत म्हणलं नाही तर एकामागं एकच, म्हणून जेलनं 4 धरले. वकिलानं दुरुस्तीचा अर्ज टाकला, तो फेटाळला, कारण सोबत भोगू द्यायचं का हा कोर्टाच्या विचाराचा भाग, कारकुनी चूक नाही, आन तोपर्यंत अपीलाची मुदत निघून गेली. मग उशीर माफीचा अर्ज आलाच. (नव्या बीएनएसएसच्या कलम 25 मध्ये दोन्हीतलं काय ते कोर्टानं सांगायचंच आहे, पण जुन्या केसेस अजून लई आहेत.) मुदत लक्षात ठेवा, मॅजिस्ट्रेटचा निकाल असला तर सेशन कोर्टाला 30 दिवस, सेशनचा असला तर हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात 60. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात.

आता अपीलच करायचं तर नुसतं शिक्षेवर का दोषी धरण्यावर पण?

नुसतं शिक्षेवर म्हंजे गुन्हा मान्य, फक्त कमी करा. बरीच शिक्षा भोगून झाली असली, घरात कमावणारा तोच असला, तर वकील म्हणतात अंडरगॉनवर सोडा, म्हंजे भोगली तेवढीच पुरे. गुन्हा कबूल करून शिक्षा झाली असली तर बहुतेक हाच एक रस्ता उरतो. पण दोषी हा शिक्का राहतो, सरकारी नोकरी असली तर तिच्यावर पाणी सोडायचं. आन कायद्यातच किमान शिक्षा असली तर दया दाखवून त्याच्या खाली जाता येत नाही.

पण किमान शिक्षेतच चूक असू शकते, हे बारकाईनं बघा. पोक्सोच्या (लहान पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) कलम 6 ला आधी किमान 10 वर्षं होती, ऑगस्ट 2019 पासून 20 झाली आन जन्मठेप म्हंजे मरेपर्यंत असं आलं. घटना त्याच्या आधीची आन शिक्षा नव्या कलमानं दिली तर ती टिकत नाही, राज्यघटनेच्या कलम 20 मध्येच बसत नाही. 2025 मध्ये छत्तीसगडच्या केसमध्ये, घटना मे 2019 ची होती, सुप्रीम कोर्टानं दोषी धरणं कायम ठेवून मरेपर्यंतची अट काढून साधी जन्मठेप केली. म्हणून निकाल वाचायच्या आधी घटनेची तारीख वाचा.

माझं मत विचाराल तर पुरावा थोडा जरी ढिला असला तर पूर्ण अपील करा, त्यातच पर्यायी मागणी म्हणून शिक्षेची चूक मांडता येते, वेगळं काही सोडावं लागत नाही. तोटा एकच, खंडपीठात अंतिम सुनावणीला वर्षं जातात, म्हणून सोबतच शिक्षा स्थगिती आन जामिनाचा अर्ज (बीएनएसएसचं कलम 430) टाकायचाच.

"अपीलात शिक्षा वाढली तर?" ही भीती सगळ्यांनाच. आरोपीच्या अपीलात वाढवता येत नाही, 2025 मध्ये तमिळनाडूच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हे परत ठणकावलं. वाढवायला सरकारनं वेगळं अपील करावं लागतं, ते केलंय का एवढं चेक करा.

पैसे नसतील तर जेलमधूनच अपील देता येतं, जेल अधिकारी पुढं पाठवतात, आन कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत.