अर्ध्यात सोडता येईल असा डबा: अँब्युलन्सवरचे नऊ महिने

मी अँब्युलन्सवर ईएमटी, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ आहे. ड्युटी १२ तासांची, कधी दिवसाची, कधी रात्रीची. शेवटच्या तासात कॉल आला की बाराचे चौदा तास होतात. या ड्युटीसाठी मी खाण्याचं थोडं सामान जमवलं आणि गेले नऊ महिने ते जवळजवळ रोज वापरते आहे: आत चंदेरी अस्तर असलेली मऊ बॅग, ५०० मिलिलिटरचा रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास, मुठीएवढे पाच डबे, फ्रीझरमध्ये गोठवायचे दोन जेल पॅक आणि पाण्याची एक बाटली. घेण्याआधी बरेच अभिप्राय वाचले होते. सगळे ऑफिसला जाणाऱ्यांचे. एक वाजता डबा उघडला तेव्हा जेवण गरम होतं, असं त्यांत लिहिलेलं असायचं. आमच्याकडेही एक वाजतो, पण तेव्हा आम्ही कुठे असू ते सकाळी सांगता येत नाही. म्हणून हे आमच्यासारख्यांसाठी लिहिते आहे.

आधी मी एकच मोठा डबा न्यायचे. खाली भात, वर शिजवलेलं कडधान्य, कडेला भाजी. बेसवर, म्हणजे कॉलची वाट बघत गाडी थांबते त्या जागी, बसून झाकण काढावं, दोन घास घ्यावेत आणि कॉल यावा. झाकण लावायचं, डबा सीटमागे ठेवायचा आणि निघायचं. पेशंटला पोहोचवून, हँडओव्हर देऊन (पेशंटची माहिती सांगून त्याला हॉस्पिटलच्या ताब्यात देऊन), स्ट्रेचर पुसून, कागद भरून परत यायला दोन-अडीच तास. तोवर चमचा लागलेला तो भात तापलेल्या गाडीत पडून असायचा. टाकला तर उपाशी राहायचं, खाल्ला तर धास्ती. एका दुपारी भूक अनावर झाली आणि मी खाल्ला. तीन तासांत मला मळमळायला लागलं. मागे पेशंटजवळ बसलेली असताना घाम फुटला, आणि त्यांना उतरवून होईपर्यंत मी कशीबशी तग धरली. नंतर उलट्या झाल्या. आजारी माणसाची जबाबदारी माझ्यावर असताना माझंच शरीर दगा देत होतं, हे मला फार लागलं.

भाताबद्दल तेव्हा मी नीट वाचलं. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं ते विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि त्रास १ ते ६ तासांत सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सरळ आहे: थंड ठेवायचं अन्न ५ अंश सेल्सिअसच्या खाली, गरम ठेवायचं ६० अंशांच्या वर, आणि शिजवलेलं काहीही साध्या तापमानाला २ तासांहून जास्त ठेवायचं नाही. माझा मोठा डबा रोज नेमका त्या मधल्या पट्ट्यात फिरत होता.

तेव्हापासून डबा भरताना मी एवढंच बघते: हे अर्ध्यात सोडावं लागलं तर चालेल का? घरी सावकाश जेवायला छान वाटणारे कितीतरी पदार्थ इथेच गळतात.

म्हणून पाच छोटे डबे. एका डब्यात चार-पाच घास, त्याहून जास्त नाही. एक डबा म्हणजे एक बैठक. कॉल आला तर फार तर एकाच डब्यातलं दोन घासांचं खाणं अर्धवट राहतं, बाकीचे चार बंदच असतात. यातले दोन डबे कायम कोरड्या खाण्याचे: भाजलेले हरभरे, शेंगदाणे, बदाम, खजूर. कोरड्या पदार्थात जंतूंना वाढायला पुरेसं पाणीच नसतं, त्यामुळे हे डबे बॅगेबाहेर दाराच्या कप्प्यात राहतात आणि त्यांच्यासाठी घड्याळ बघावं लागत नाही. शेंगदाण्यात वजनाच्या साधारण पाव भाग प्रथिनं असतात, मूठभर खाल्ले तरी पोटाला आधार होतो. उरलेले तीन डबे थंड बॅगेत. एकात दोन उकडलेली अंडी, सोलून आणि अर्धी करून. गाडीत टरफलं काढत बसता येत नाही. एका अंड्यातून ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. दुसऱ्यात गाजर आणि काकडीचे लांब तुकडे. मीठ मी त्यात घालत नाही. मिठाने काकडीला पाणी सुटतं आणि चार तासांनी डब्याच्या तळाशी तळं साचतं. तिसऱ्यात घट्ट दही किंवा चीजचे तुकडे आणि सफरचंदाच्या फोडी. फोडींना लिंबू चोळलं की त्या काळ्या पडत नाहीत. केळं मी चार महिने नेलं आणि सोडून दिलं. गाडी खड्ड्यातून गेली की त्याची रया जाते, आणि त्याचा वास बाकीच्या डब्यांना लागतो.

डब्यांचं झाकण फिरकीचं नको, हे खास सांगते. माझ्या डब्यांना एका बाजूला बिजागरी आणि समोर एक खटका आहे. तो एका अंगठ्याने लागतो. दुसऱ्या हातात फोन किंवा वायरलेस असतो, तेव्हा या एका गोष्टीची किंमत कळते. तोंडही रुंद आहे, त्यामुळे हरभरे बोटांनी उचलायची गरज नाही, डबा ओठांना लावून तिरपा केला की झालं. अंड्यांसाठी झाकणाला अडकवलेला छोटा काटा आहे.

बोटं न लावण्याचा माझा आग्रह आहे, आणि तो का ते सांगते. पेशंटच्या भागात आम्ही खात नाही, खाऊ नये. पुढे केबिनमध्ये किंवा गाडीबाहेर खायचं, तेही हात धुऊन. नुसतं सॅनिटायझर चोळून समाधान मानू नका. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं फारसं चालत नाही, तिथे साबण-पाणीच लागतं. पेशंट सोडला की हॉस्पिटलमधून निघण्याआधी तिथल्या बेसिनवर साबणाने हात धुवायचे, खायचं असो वा नसो, ही सवय मी लावून घेतली. मग गाडीत दोन मिनिटं मिळाली तर ती खाण्यालाच मिळतात. शेंगदाणे खाल्ल्यावरही मी हात धुते, पुढच्या पेशंटला त्याची ॲलर्जी असू शकते.

आता थर्मास. या सामानात मी सर्वांत जास्त डोकं त्याच्यावर घातलं. दुहेरी भिंत आणि मधली पोकळी निर्वात, ही युक्ती जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये प्रयोगशाळेसाठी काढली. अजूनही तीच चालते, पण तुम्ही तिला साथ दिली तर. पहिले दोन आठवडे मी थेट गरम सूप भरायचे आणि दुपारपर्यंत ते कोमट व्हायचं. मला वाटलं थर्मासच वाईट. मग स्वयंपाकाचा थर्मामीटर आणला आणि मोजलं. थेट भरलं तेव्हा सात तासांनी ५१ अंश. आधी उकळतं पाणी भरून, झाकण लावून दहा मिनिटं ठेवलं, ते ओतून लगेच उकळतं सूप काठोकाठ भरलं, तेव्हा सात तासांनी ६३ अंश. फरक १२ अंशांचा, आणि तोच फरक खावं की टाकावं हे ठरवतो. थंड स्टील पहिल्याच मिनिटाला जेवणाची उष्णता ओढून घेतं. अर्धा भरला तर आणखी लवकर निवतो. पातळ पदार्थ चांगले टिकतात: मसुराचं सूप, भाज्या घातलेली मऊ खिचडी, ओट्सची पातळ लापशी. उघडला की मात्र तो एका बैठकीत संपवायचा. अर्ध्यात सोडण्याचा नियम इथे लागू पडत नाही, म्हणून थर्मास मी दिवसातल्या सर्वांत निवांत वेळेसाठी राखून ठेवते. अशी वेळ आलीच नाही तर तो न उघडता घरी जातो आणि ओतून टाकावा लागतो. अन्न टाकताना जीव तुटतो, तरी मी टाकते.

थर्मासचा एक दोष मात्र खराच. आतली वाफ निवली की झाकण आत खेचलं जातं आणि घट्ट बसतं. तिसऱ्या महिन्यात चालत्या गाडीत जोर लावून उघडताना ते एकदम सुटलं आणि गरम सूप मांडीवर आलं. भाजलं थोडक्यात, पण युनिफॉर्म ओला होऊन तीन कॉल तसेच काढले. आता गाडी थांबल्याशिवाय मी झाकणाला हात लावत नाही. घेणाऱ्यांनी झाकणात दाब सोडायचं छोटं बटण असलेलाच घ्यावा.

बॅगेबद्दल कमी सांगण्यासारखं आहे. एक जेल पॅक पुरत नाही, दोन लागतात, एक तळाशी आणि एक वर. थंड हवा खाली बसते, त्यामुळे वरचा जास्त महत्त्वाचा. पॅक पूर्ण २४ तास गोठवावेत, आणि डबे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून थंडच भरावेत. कोमट डबा आत गेला की पॅकची निम्मी ताकद त्यालाच निववण्यात जाते. बॅग डॅशबोर्डवर कधीही नको. काचेतून ऊन येतं, तिथे काही टिकत नाही. सीटमागे, खाली जमिनीवर. अशी ठेवली तर सहा-सात तास डबे हाताला गार लागतात. त्यापुढे मी थंड डब्यांना हात लावत नाही, फक्त कोरडं खाते.

रात्रीच्या ड्युटीचा डबा वेगळा, हे मला उशिरा उमगलं. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही. तेच जेवण सकाळी घेतलं तर रक्तातली साखर जेवढी चढते, त्याहून रात्री जास्त चढते. म्हणून पोटभर जेवण निघण्याआधी घरी, आणि मध्यरात्रीनंतर फक्त छोटे डबे. गोड बिस्किटं बंद केल्यापासून पहाटे चारची ती डोळ्यांवरची झापड बरीच कमी झाली आहे. कॉफी रात्री एकच्या आत. तिचा अर्धा अंमल पाचेक तासांनीही शरीरात असतो आणि सकाळी झोप येत नाही.

पाण्याबद्दल आमच्यात कोणी बोलत नाही. लघवीला जायची सोय नसते म्हणून अनेक जणी पाणीच पीत नाहीत. मीही प्यायचे नाही, आणि दुपारी डोकं ठणकायचं. आता बाटलीवर मार्करने रेषा मारल्या आहेत. प्रत्येक हँडओव्हरनंतर एका रेषेपर्यंत प्यायचं आणि हॉस्पिटलमध्ये आहोत तोवर बाथरूमला जाऊन यायचं. दोन्ही कामं एकाच जागी उरकतात.

नऊ महिन्यांत बिघडलं ते असं: बॅगेची चेन सहाव्या महिन्यात अडकायला लागली, मेणबत्ती घासली की चालते. एक जेल पॅक कडेला फुटला. थर्मासच्या झाकणातली रबरी रिंग काढून धुवायची हे मला ठाऊक नव्हतं. खाली काळी बुरशी धरली होती. आता रिंग रोज काढते, धुते आणि वेगळी वाळवते. डबे पाचही शाबूत, एक खटका जरा सैल झालाय.

गेल्या आठवड्यात पहाटे तीन चाळीसला आम्ही हॉस्पिटलबाहेर उभे होतो. ड्रायव्हर दादा म्हणाले, "ताई, मी जरा बाजूला घेतो गाडी, तुम्ही खाऊन घ्या." मी अंड्यांचा डबा उघडला, दोन तुकडे खाल्ले, तिसरा काट्यावर होता आणि वायरलेस वाजला. काटा आत, अंगठ्याने खटका, डबा दोन पॅकच्या मध्ये. सगळं गाडी वळायच्या आत. पावणेपाचला परत आलो तेव्हा ते दोन तुकडे गारच होते. एक मी खाल्ला, एक दादांना दिला. या आठवड्यापासून बॅगेत सहावा डबा आहे, दादांचा.